अडचणीच्या वर्षात दोन कप्प्यांची अर्पण-पाकिटं: कितपत उपयोगी?

ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) अर्पणाचे पैसे घालायला घरटी वर्षाचा पाकिटांचा संच मिळतो: दर रविवारचं एक याप्रमाणे ५२ पाकिटं, वर कुटुंबाचा क्रमांक आणि तारीख. पगार चालू असताना यातला कुठलाही संच चालतो. घरात आजारपण आलं, मिळकत निम्म्यावर आली, की त्याचा खरा कस लागतो. म्हणून हा आढावा त्याच बाजूने.

घ्यायचा तर दोन कप्प्यांचाच घ्यावा: एक मंडळीच्या खर्चासाठी, दुसरा गरजूंसाठी. सगळं एकत्र पडलं की तंगीत छप्पर आणि वीजबिल आधी भागतं, गरिबाचा वाटा मागे पडतो. दोन कप्पे असले की तो वाटा घरीच वेगळा निघतो. मासेदोनिया प्रांतातल्या मंडळ्या स्वतः अठराविश्वे दारिद्र्यात होत्या, तरी पवित्र जनांच्या, म्हणजे गरजू विश्वासणाऱ्यांच्या, मदतीत आम्हालाही वाटा द्या म्हणून त्यांनी प्रेषित पौलाला गळ घातली (बायबल, २ करिंथ ८:१-४). दुसरा कप्पा आहे तो त्याचसाठी. हात आखडला म्हणून तो पहिल्यांदा बंद करणं मला अजिबात पटत नाही.

पैसा हातात येईल त्याच दिवशी, किराण्याच्या आधी पाकीट भरावं. रविवारी सकाळी भरायला बसलं की उरलंसुरलंच पडतं. रक्कम ठरवू नये, हिस्सा ठरवावा. दशमांश धरला तर १०,००० आले की १,००० आणि ४,००० आले की ४००; मिळकत उतरली की आकडा आपोआप उतरतो, मनाला बोचत नाही. पौलानेही मिळकतीच्या मानानेच बाजूला काढायला सांगितलं आहे (१ करिंथ १६:२). वर्षारंभी ठराविक रकमेचं वचन लिहून दिलं असेल, तर खजिनदाराला सांगून ते बदलून घ्यावं. उसनवारी करून पाकीट भरू नये. आई-वडिलांचं औषध थांबवून तर नाहीच. देवाच्या नावावर आई-वडिलांची मदत टाळणाऱ्यांना येशूने चांगलंच सुनावलं होतं (मार्क ७:९-१३).

संचाचा मोठा दोष म्हणजे छापलेली तारीख. चार-पाच रविवार चुकले की रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा थकबाकीसारखा दिसायला लागतो आणि माणूस उपासनेला येणंच टाळतो. ती थकबाकी नाहीच: जे जवळ आहे त्यावरून दान मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही (२ करिंथ ८:१२). मागच्या तारखांची पाकिटं सरळ फाडून टाकावीत. किंवा दुसऱ्या कप्प्यात चिठ्ठी घालावी: ‘शनिवारी दोन तास, आजाऱ्याजवळ बसायला.’

कागद पातळ असतो, सुटी नाणी कडेची चिकटपट्टी उसवतात. तंगीत नाणीच जास्त पडतात, तेव्हा ती कागदाच्या घडीत गुंडाळून घालावीत. दमट जागी डिंक आपोआप धरतो. पाकिटांचा डबा कोरड्यात ठेवावा. गेल्या वर्षीची उरलेली पाकिटं वापरू नयेत. क्रमांक बदलले असतील तर नोंद दुसऱ्याच घराच्या नावावर पडते.

मोजणीला वेगवेगळ्या घरांतली दोन माणसं हवीत. पाकिटावर लिहिलेली रक्कम आतल्या रकमेशी ताडून बघावी, फरक पाकिटावरच लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि वर्षाचा हिशेब मिळेपर्यंत पाकिटं जपावीत. क्रमांक कोणाचा हे खजिनदारापलीकडे जाऊ नये.

एक गोष्ट मात्र या संचात नाही: तो घेतो, देत नाही. पण क्रमांकाचा त्यासाठीही उपयोग होतो. एखादं पाकीट सलग चार रविवार आलं नाही, तर खजिनदाराने पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) ‘त्या घरी एकदा जाऊन या’ इतकंच सांगावं. रक्कम सांगू नये. भेटीत अर्पणाचा विषय काढू नये. दुसऱ्या कप्प्यात जमलेल्यातून त्या घराला काही लागतंय का, तेवढं बघून यावं.