कर्नल बिल्ड अडला: कम्पायलर बदलावा, कंटेनर घ्यावा की सोर्सला हात लावावा?

मागच्या रविवारी त्रिमूर्तीनगरात आमच्या घरी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची दोन पोरं लॅपटॉप घेऊन आली. प्रोजेक्टसाठी एक एक्स८६ बोर्ड घेतलेला, त्यासोबत विक्रेत्याने दिलेलं ६.६ मालिकेतलं लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा), आणि लॅपटॉपवर फेडोरा ४२ ही लिनक्सची डिस्ट्रो (तयार संच). मेक ही कर्नल बांधायची आज्ञा चालवली की काही मिनिटांत बिल्ड थांबायचा. स्क्रीनवर एका हेडर फाइलमधली एनमची (नावांना आकडे देणाऱ्या यादीची) ओळ दिसत होती, फॉल्स बरोबर ० अशी, आणि तक्रार अशी की फॉल्स हा कीवर्ड (भाषेने राखून ठेवलेला शब्द) आहे, तो इथे नाव म्हणून चालणार नाही. "दादा, या दोन ओळी काढून टाकल्या तर?" त्यातल्या एकाने विचारलं.

ओळी काढू नका, एवढं मी लगेच सांगितलं. पुढचं सांगायला दुपार गेली. हीच अडचण अनेकांना येते, म्हणून सगळे पर्याय इथे शेजारी शेजारी मांडतो.

आधी कारण. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ या कम्पायलरने (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) सी भाषेचा सी२३ हा मानक डिफॉल्ट केला, आणि त्यात बूल, ट्रू, फॉल्स हे कीवर्ड झाले. लिनक्सचा मुख्य कोड २०२२ मधल्या ५.१८ पासून जीएनयू११ हा मानक स्पष्ट सांगून कम्पाइल होतो, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही. पण एक्स८६ चा बूट कोड आणि ईएफआय स्टब (दोन्ही मशीन सुरू होतानाचे भाग) यांचे फ्लॅग (कम्पायलरला दिलेल्या सूचना) वेगळे असतात, आणि तिथे हा मानक लिहायचा राहिला होता. २०२५ मध्ये ते दुरुस्त झालं आणि स्टेबल मालिकांतही गेलं. म्हणजे पोरांच्या हातातलं ६.६ जुन्या पॉइंट रिलीजवर (मालिकेतल्या छोट्या दुरुस्ती-आवृत्तीवर) अडकलेलं होतं, त्याच मालिकेतलं ताजं रिलीज याच लॅपटॉपवर बिल्ड झालं असतं. टूल बदलण्याआधी हे बघायचं. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

विक्रेत्याचे पॅच (त्याने कोडमध्ये केलेले बदल) ताज्या रिलीजवर चढत नसतील, तर पुढचे तीन रस्ते.

सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे डिस्ट्रोमधलाच दुसरा कम्पायलर. डेबियन आणि उबुंटूवर एकापेक्षा जास्त जीसीसी गुण्यागोविंदाने नांदतात. जीसीसी-१२ चं पॅकेज टाकायचं आणि मेकला सीसी (कर्नलचा कम्पायलर) व होस्टसीसी (बिल्डच्या मदतनीस प्रोग्रामांचा कम्पायलर) या दोन्ही जागी तेच नाव द्यायचं. होस्टसीसी विसरू नका. कर्नल बिल्ड होताना ऑब्जटूल, मॉडपोस्ट असे मदतनीस प्रोग्रामही तयार होतात, आणि ते होस्टसीसीने बनतात. जीसीसी १२ आला तेव्हा जुन्या कर्नलमध्ये ऑब्जटूलच्याच लायब्ररीत रीअ‍ॅलोकच्या (मेमरीचा आकार बदलणाऱ्या फंक्शनच्या) वापरावरून बिल्ड तुटत होता. तिथे नुसतं सीसी बदलून काहीच हाती लागलं नसतं.

दुसरा रस्ता कर्नल डॉट ऑर्गवरच्या तयार टूलचेनचा (कम्पायलर आणि सोबतच्या साधनांच्या संचाचा). त्यातल्या जीसीसीच्या टूलचेन अर्न्ड बर्गमन यांनी केलेल्या, एलएलव्हीएम या दुसऱ्या कम्पायलरच्या नेथन चॅन्सलर यांनी केलेल्या. फाइल उतरवायची, घरच्या फोल्डरमध्ये उलगडायची, जीसीसीसाठी क्रॉस कम्पाइलचा प्रीफिक्स (टूलचेनचा पत्ता) द्यायचा, झालं. रूट पासवर्ड लागत नाही, डिस्ट्रोला हात लागत नाही. जीसीसीवाल्या संचात बिनयूटिल्सही (असेम्बलर, लिंकर ही साधनं) सोबत येतं, आणि ही फार मोलाची गोष्ट आहे. बिनयूटिल्स २.३६ ने वापरात नसलेली सेक्शन सिम्बॉल टाकून द्यायला सुरुवात केल्यावर रेकॉर्डएमकाउंट हे मदतनीस साधन "सेक्शनसाठी सिम्बॉल सापडत नाही" म्हणून अडायला लागलं होतं. असेम्बलर बदलला होता, आणि लोक कम्पायलर उलटसुलट करून बघत होते. या जीसीसी टूलचेनची मर्यादा एकच: त्यात सी लायब्ररी नसते, म्हणून तिने कर्नल बनतं, साधा प्रोग्राम बनत नाही. होस्टसीसीच्या जागी ती चालत नाही, मदतनीस प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपचाच जीसीसी बनवणार.

तिसरा कंटेनर (लॅपटॉपवरच वेगळी ठेवलेली दुसरी डिस्ट्रो), आणि त्याची खरी ताकद नेमकी इथे दिसते. खूप जुनं कर्नल असेल तर कम्पायलरसोबत होस्टसीसी, ओपनएसएसएल, पाहोल (कर्नलची टाइप-माहिती, म्हणजे बीटीएफ, बनवणारं साधन) असं सगळंच त्या काळचं लागतं. ५.१५ च्या सुमाराच्या कर्नलवर नवं पाहोल १.२४ चालवलं की शेवटच्या टप्प्यात बीटीएफ वाचता येत नाही म्हणून बिल्ड पडायचा. पाऊण तास थांबून शेवटच्या मिनिटाला हे बघणं फार जिवावर येतं. डेबियन १२ च्या कंटेनरमध्ये जीसीसी १२.२ मिळतो, डेबियन १३ मध्ये १४.२. टक्समेक हे कंटेनरमध्ये कर्नल बिल्ड करणारं साधन वापरलं तर एका ओळीत हे जमतं. पहिल्यांदा इमेज (कंटेनरचा साचा) उतरवायला डेटा लागतो, मोबाइलच्या नेटवर असाल तर तेवढा विचार करा. आणि इमेजचा टॅग (आवृत्तीचं नाव) पक्का लिहा. मी एकदा "लेटेस्ट" टॅगवर विसंबलो, मधल्या काळात इमेज बदलली, आणि कालपर्यंत चालणारा बिल्ड आज का चालत नाही हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले. सोर्सची एक ओळही बदललेली नव्हती.

आता सोर्सला हात लावण्याबद्दल. वॉर्निंगला एरर मानणारा वेररचा पर्याय २०२१ मध्ये ५.१५ मध्ये आला. नव्या कम्पायलरची नवी वॉर्निंग असेल तर आपल्या कॉन्फिगमध्ये तो बंद करायला माझी हरकत नाही. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी फेडोरा ४२ वर गेल्यावर, ६.१५ च्या तिसऱ्या आरसीच्या (चाचणी-आवृत्तीच्या) तोंडावर, जीसीसी १५ च्या काही वॉर्निंग गप्प केल्या. पण एरर आली म्हणून हेडरमधल्या ओळी खोडणं, किंवा कम्पायलरच्या किमान आवृत्तीची तपासणी स्क्रिप्टमधून काढून टाकणं, हे कधीही करू नका.

ती तपासणी का आहे हे एकदा मनात बसलं पाहिजे. बिल्ड थांबतो तेव्हा निदान कळतं तरी. खरा घात बिल्ड यशस्वी होतो तेव्हा होतो. आर्म६४ प्रोसेसरवर कर्नल डेव्हलपर रसेल किंग यांना ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये अधूनमधून आयनोडचा (फाइलच्या नोंदीचा) चेकसम चुकल्याचं दिसत होतं. डिस्क खराब, फाइलसिस्टिममध्ये बग, मेमरीचा दोष, असा कुठेही संशय जाऊ शकतो. जानेवारी २०२१ मध्ये मूळ सापडलं ते जीसीसी ४.९ मध्ये. हा कम्पायलर स्टॅक पॉइंटर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीची हद्द) आधी सरकवायचा आणि सोडून दिलेल्या जागेतली किंमत नंतर वाचायचा. त्या दोन सूचनांच्या मधल्या फटीत इंटरप्ट आला की ती किंमत पुसली जायची. मग ५.११ मध्ये आर्म६४ साठी किमान जीसीसी ५.१ ठरला. पुढे ५.१५ मध्ये सगळ्यांसाठी ५.१, आणि २०२५ मधल्या ६.१६ मध्ये ८.१. "कम्पायलर फार जुना आहे" असा संदेश आला की मागे कुणाच्या तरी डेटाचं झालेलं असं नुकसान असू शकतं, हे लक्षात ठेवा.

उलट बाजूही आहे. नवा जीसीसी १० आल्यावर एक्स८६ वर बूट होतानाच कर्नल कोसळत होतं, कारण स्टॅक प्रोटेक्टर (स्टॅक बिघडला तर पकडणारी तपासणी) सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये टेल कॉलचं (फंक्शनच्या शेवटच्या कॉलचं) ऑप्टिमायझेशन आडवं आलं. ते मे २०२० मध्ये ५.७ साठी दुरुस्त झालं. त्यामुळे "नवा तो चांगला" असाही नियम मी देणार नाही.

कर्नलमध्ये रस्ट भाषेचा भाग असेल तर हिशोब सोपा: ६.११ मध्ये रस्टची किमान आवृत्ती १.७८ ठरली, त्याआधीच्या कर्नलला ठरलेली एकच आवृत्ती. रस्टअप या साधनाने त्या फोल्डरपुरती आवृत्ती बांधून टाका.

माझी निवड विचाराल तर चालू एलटीएसवर (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या कर्नलवर) काम असेल आणि डेबियन किंवा उबुंटू असेल, तर शेजारचा जीसीसी पुरतो. क्रॉस कम्पाइल असेल, किंवा एकाच वेळी तीन-चार कर्नल सांभाळायची असतील, तर कर्नल डॉट ऑर्गची टूलचेन. विक्रेत्याचं जुनं कर्नल असेल आणि तेच वर्षभर पोसायचं असेल, तर सरळ कंटेनर. आणि बाहेरून मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) बनवणार असाल तर आधी प्रॉक व्हर्जन ही फाइल वाचा. चालू कर्नल कोणत्या कम्पायलरने बनलंय ते तिथे लिहिलेलं असतं, मॉड्यूलही त्यानेच बनवा.

पोरांनी विक्रेत्याचे पॅच ताज्या ६.६ वर चढवून पाहिले. तीन पॅच अडले, आणि सबमिशन जवळ होतं. म्हणून डेबियन १२ चा कंटेनर घेतला. मे महिन्यातली दुपार, लॅपटॉप गरम होऊन रखडत होता, म्हणून बिल्ड रात्री नऊनंतर लावला. सकाळी त्यातल्या एकाचा फोन आला, "झालं बाप्पा एकदाचं!" बोर्ड बूट झालं होतं. मी त्याला प्रॉक व्हर्जनची ओळ वाचायला सांगितली. जीसीसी १२.२ म्हणाला. मग ती आवृत्ती आणि इमेजचा टॅग रीडमीमध्ये लिहून कमिट करायला लावला.