चीनहून मागवलेली कार्बन फ्रेम आणि घरी जोडलेली रोड बाइक: १० महिने, ५,४०० किमी नंतरचा अनुभव

फ्रेम घरी आली त्या संध्याकाळी पहिलं काम काय केलं तर ती सोसायटीखालच्या किराणा दुकानात नेऊन वजनकाट्यावर ठेवली. विकणाऱ्याने ५४ साइजचं वजन १,०५० ग्रॅम सांगितलेलं, काट्यावर भरलं १,१४८. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, न कापता ४२० ग्रॅम. नंतर विचारलं तेव्हा कळलं की सांगितलेला आकडा रंग लावायच्या आधीचा होता, त्यामुळे तुम्ही कोणी मागवणार असाल तर वजन रंगासकट किती ते आधीच लिहून घ्या.

आता १० महिने झाले, ५,४०० किलोमीटर झालेत. सिंहगड, बोपदेव, कात्रजचा जुना घाट, एकदा खंबाटकी करून पसरणी घाटाने पाचगणी, आणि एक २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, जिला साडेतेरा तास असतात ती १० तास ४० मिनिटांत झाली. फ्रेमला कुठे तडा नाही, रंग उडालाय तो एकाच ठिकाणी, त्याचं पुढे सांगतो. मला मनापासून आवडते ही बाइक. पण इतक्या महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली ती आधी सांगतो, ब्रँडची फ्रेम आणि ही फ्रेम यातला फरक मला तरी कार्बनमध्ये जाणवला नाही, फरक आहे तो भोकांमध्ये. बेअरिंग जिथे बसतात, अ‍ॅक्सल जिथून जातो, सीटपोस्ट म्हणजे सीटचा दांडा जिथे आत जातो, ते गोल आहे का, सरळ आहे का, साफ आहे का हे बघायचं काम इथे आपल्याला करावं लागतं.

साइजसाठी मी चार्टवरच्या उंचीवर भरवसा ठेवला नाही. जुनी अ‍ॅल्युमिनियमची बाइक भिंतीला लावली, वरून ओळंबा सोडला आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस जिथे फिरतो ती बेअरिंगची जागा) मध्यापासून हेडट्यूबच्या (हँडलखालची पुढची नळी) वरच्या टोकापर्यंत आडवं अंतर किती आणि उभं किती ते मोजलं, म्हणजे रीच आणि स्टॅक. माझं आलं ३८३ आणि ५५५ मिलिमीटर, ते ५४ साइजला जवळजवळ तंतोतंत जुळलं. हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि फ्रेम परत पाठवायचा कुरिअरचा खर्च बघितलात तर हा अर्धा तास किती मोलाचा ते समजेल.

आयएसओ ४२१० चा, म्हणजे सायकलच्या सुरक्षिततेच्या मानकाचा, टेस्ट रिपोर्ट विकणाऱ्याकडे मागा, मागितला की देतात, पण नुसता ठेवून देऊ नका, वाचा. कुठली साइज टेस्ट केली, आणि फोर्क तोच आहे का जो तुम्हाला येणार आहे, हे त्यात असतं. फोर्कच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे कारण बाकी काहीही मोडलं तर थांबता येतं, उतारावर फोर्क मोडला तर नाही. आल्यावर मोबाइलचा टॉर्च आत घालून स्टिअरर ट्यूब, म्हणजे फोर्कची हेडट्यूबमधून वर हँडलपर्यंत जाणारी नळी, आतून बघितली, सुरकुत्या आहेत का, कुठे थर सुटलाय का. नाण्याने ठोकून पण बघितलं, आवाज सगळीकडे सारखा टणक आला.

खर्च: फ्रेम, फोर्क, सीटपोस्ट आणि शिपिंग ३८,५००, वर कस्टम ड्युटी आणि कुरिअरवाल्यांचे चार्जेस मिळून १३,२००, म्हणजे घरात पडेपर्यंत ५१,७००. कुरिअरवाले केवायसी मागतात, कागद तयार ठेवा नाहीतर पार्सल तिथेच पडून राहतं. बाकी शिमानो १०५ चा ११ स्पीडचा गिअर आणि हायड्रॉलिक ब्रेकचा सेट, अ‍ॅल्युमिनियमची व्हील्स, टायर, हँडलबार, सीट आणि हत्यारं सगळं धरून १,६५,००० झाले. पेडलसकट वजन ८.५ किलो. फक्त पैसे वाचवायचे म्हणून करणार असाल तर करू नका, तेवढ्यात दुकानातून चांगली तयार अ‍ॅल्युमिनियम बाइक येते आणि पाच-सहा वीकेंडही वाचतात.

जोडताना सगळ्यात जास्त छाती धडधडली ती स्टिअरर कापताना. एकदा जास्त कापला की संपलं, फोर्क बाद. मी आधी न कापताच सगळं बसवून, वर स्पेसरचा ढीग ठेवून, गल्लीत दोन चकरा मारल्या, उंची ठरवली, मग खूण केली, आणि ठरल्यापेक्षा १० मिलिमीटर जास्तच ठेवला. इंचाला ३२ दातांचं बारीक ब्लेड, खुणेभोवती टेप, धाकट्या भावाने दुसरं टोक धरलं, दोघांच्या तोंडाला मास्क, आणि वरून पाण्याचा थेंब थेंब सोडत कापला कारण ती काळी धूळ फुप्फुसात जाता कामा नये. शेवटचा थोडा भाग उरला की ट्यूब फिरवून पलीकडून कापायचा, नाहीतर धागे ओढून फाटतात. हात लावून बघितलं तर कड काचेसारखी गुळगुळीत आलेली, तो क्षण अजून आठवतो. आत स्टारनट, म्हणजे ठोकून बसवायचा दातेरी नट, ठोकायचा नाही हं, कार्बनला तो चालत नाही, फुगणारा प्लग येतो तोच वापरायचा.

छोट्या गोष्टी पटकन सांगतो. मागे ११-३४ दातांची कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या) आहे, पुढे ५०-३४, त्यासाठी लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन गिअरवर सरकवणारा भाग) लागतो, आखूड घेऊ नका. आणि ही कॅसेट रोडच्या ११ स्पीड हबवर बसवताना मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर टाकावाच लागतो, तो नसेल तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) आवळूनही कॅसेट हलत राहते. केबल हँडलच्या आतून जाणारी फ्रेम मी मुद्दाम घेतली नाही, ज्याला स्वतः हाताने काम करायचंय त्याने स्टेमखालून सरळ आत जाणारीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला ज्यावर लटकतो तो छोटा तुकडा, फ्रेम मागवतानाच दोन जादा घेतले, कारण प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, इथे दुकानात मिळेलच असं नाही.

आता मुख्य त्रास. जानेवारीत, साधारण ६०० किलोमीटर झाल्यावर, बोपदेव चढताना खालून कटक कटक आवाज सुरू झाला. उजवा पाय खाली गेला की एक कटक. आधी वाटलं पेडल, काढून ग्रीस लावून घातले, आवाज तसाच. मग सीटपोस्ट काढून कार्बन पेस्ट लावली, ५ न्यूटन मीटरला आवळला, तरी तेच. उभं राहून मारलं तरी येतो म्हणजे सीटचा नाही, पेडल न मारता उतारावर येत नाही म्हणजे व्हीलचा नाही, चेनरिंगचे बोल्ट बघितले, थ्रू अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा आस) पुसून ग्रीस लावला. तीन रविवार गेले. शेवटी आमच्या भागातले एक जुने मेकॅनिक काका आहेत, त्यांच्याकडे नेली. काकांनी क्रँक (पेडलचा दांडा) काढला, बेअरिंग बाहेर काढले, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "फ्रेमला काही झालेलं नाही रे, भोक गोल नाहीये. आणि रंग आतपर्यंत आलाय बघ."

मग व्हर्नियर लावला. माझ्या फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट बीबी ८६ प्रकारचा, म्हणजे बेअरिंग दाबून बसवायचा, त्याचं भोक ४१ मिलिमीटरचं असतं, डाव्या बाजूला एका दिशेने ४१ भरलं आणि दुसऱ्या दिशेने ४१.१. आणि आतल्या कडेला रंगाचा थर, नखाला लागेल एवढा. बेअरिंगचा कप प्लॅस्टिकचा, तो त्या अंडाकृती जागेत प्रत्येक पेडलला किंचित हलायचा, तोच आवाज. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर दोन आठवडे "चेक करतो" एवढंच उत्तर, मग थोडे पैसे परत देऊ केले, फ्रेम बदलून नाही. मला हे पटलं नाही. कारखान्यात शेवटच्या टप्प्याला एक गेज आत घालून बघितला असता तर दहा सेकंदात कळलं असतं.

उपाय मात्र साधा निघाला. दोन्ही बाजूंचे अ‍ॅल्युमिनियमचे कप मध्ये एकमेकांत आट्याने आवळले जातात असा बॉटम ब्रॅकेट मिळतो, ४,३०० ला पडला. रंग बारीक सँडपेपरने हळू हळू काढला, फक्त रंग, कार्बनला हात लावला नाही. दाबून बसवायचा प्रेस महाग असतो, म्हणून बोहरी आळीत जाऊन १२ एमएमचा आटे पाडलेला रॉड, दोन नट आणि जाड वॉशर आणले, दीडशे-दोनशे रुपयांत काम झालं. दोन्हीकडून पाना लावून इंच इंच नाही, अर्धा अर्धा आटा आवळत गेलो, कप सरळ जातोय ना बघत. त्यानंतर ४,५०० च्या वर किलोमीटर झाले, पावसाळा गेला, आवाज नाही. मागवणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे, आट्याचा बॉटम ब्रॅकेट असलेली फ्रेम मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.

पावसाळ्यात अजून एक कळलं. जुलैमध्ये पानशेतकडून भिजत आल्यावर बाइक उचलली तर आत पाण्याचा खळखळ आवाज. सीटपोस्ट काढून उलटी केली, पाऊण कप पाणी पडलं. खालचं पाणी जायचं बारीक भोक रंगाने बुजलेलं होतं, टाचणीने मोकळं केलं. तेव्हापासून प्रत्येक पावसाच्या राइडनंतर सीटपोस्ट काढून रात्रभर उघडी ठेवतो, वर टेपची खूण केलीय म्हणजे उंची परत मोजायला नको. आणि रंग उडालाय तो चेनस्टेच्या (मागच्या चाकाशेजारच्या खालच्या नळ्या) आतल्या बाजूला. टायर २८ मिलिमीटरचा, पण रुंद रिमवर तो साडेएकोणतीस भरतो, फ्रेमवर मर्यादा ३० लिहिलेली. कोरड्या रस्त्यावर चालतं, पण चिखल आणि कच अडकली की सँडपेपरसारखी घासते. आता पारदर्शक फिल्म चिकटवलीय, ती पहिल्याच दिवशी चिकटवायला हवी होती.

चालवायला कशी आहे? सिंहगडला गोळेवाडीच्या नाक्यानंतरच्या चढावर उभं राहिलो की जुन्या बाइकपेक्षा लगेच पुढे झेपावते, ते खरंच जाणवतं. उतारावर, विशेषतः बोपदेवच्या वळणांना, सरळ आणि स्थिर राहते, हात सोडून बघितलं तर कुठल्या एका बाजूला ओढत नाही. पण "कार्बनने खड्डे कळत नाहीत" असं जे म्हणतात ते मला पटलं नाही. माझं वजन ७२ किलो, टायरमधली हवा ९० वरून ७० पीएसआय केली तेव्हा जो आराम मिळाला तो फ्रेम बदलून मिळाला नव्हता.

गेल्या आठवड्यात हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं ती हेडट्यूबमधली बेअरिंगची जोडी, उघडला. वरचं बेअरिंग छान आहे, खालचं खरखरतंय, पुढच्या चाकाचं पाणी थेट तिथेच उडतं. बेअरिंगच्या कडेला माप कोरलेलं असतं, माझ्या खालच्यावर ४० x ५२ x ७, ४५/४५ अंश असं आहे, त्या नंबरवर कुठल्याही कंपनीचं चालतं. नवीन मागवलंय, या रविवारी भरपूर ग्रीस भरून बसवतो आणि मग परत २०० च्या बीआरएमला नाव देतोय.