समोर माणूस आला तर: गाडीचं नाक महत्त्वाचं की ब्रेक?

नवी गाडी बघताना आतल्या एअरबॅग सगळेच मोजतात. बाहेरच्या माणसाला ती धडकली तर काय, हा प्रश्न शोरूममध्ये सहसा निघत नाही. तुम्ही तो विचारणार असाल, तर निवड मुख्यतः दोन गोष्टींवर येते: गाडीच्या नाकाचा आकार आणि माणूस दिसताच आपोआप लागणारा ब्रेक, म्हणजे एईबी.

बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीचा बंपर मोठ्या माणसाच्या पायाला लागतो. माणूस बॉनेटवर कलंडतो आणि डोकं पत्र्यावर किंवा काचेवर आपटतं. पत्र्याखाली मोकळी जागा असेल तर पत्रा चेपतो आणि मार बराचसा झेलतो. लगेच खाली इंजिन असेल तर दगडावर आपटल्यासारखंच. उंच, सपाट नाक मात्र थेट कमरेवर किंवा छातीवर बसतं, मुलांच्या तर डोक्यावरच, आणि माणूस पुढे फेकला जाऊन चाकाखाली येऊ शकतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ मध्ये सुमारे १८ हजार अपघात तपासले. बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली.

एईबीचं काम धडकेच्या आधीचं. गाडी पूर्ण थांबली नाही तरी धडकेचा वेग उतरतो, आणि तेही थोडं नव्हे. याच संस्थेच्या अभ्यासात पादचाऱ्यांना धडकण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी दिसलं. पण दिवे नसलेल्या रस्त्यावर, अंधारात, फरक जवळपास शून्य.

धडकेच्या क्षणी वर उचललं जाणारं बॉनेट काही महागड्या गाड्यांत मिळतं. उपाय चांगला, पण तो ठराविक वेगातच काम करतो. व्होल्वोने २०१२ मध्ये व्ही४० ला पादचाऱ्यांसाठी बाहेरची एअरबॅगही दिली होती. ती कल्पना फारशी पसरली नाही.

दोन्ही मिळत असेल तर प्रश्नच नाही. एकच मिळत असेल तर मी बुटकं नाक घेईन. त्याला दिवस-रात्र सारखीच. युरो एनकॅप ही युरोपात गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेऊन तारे देणारी संस्था; तिच्या अहवालात नुसते एकूण तारे बघू नका. पादचाऱ्यांचा भाग उघडून बॉनेटचं रंगीत चित्र बघा: हिरवं म्हणजे सौम्य, लाल म्हणजे घातक. काचेच्या दोन्ही कडांच्या खांबांपाशी लाल बहुतेक गाड्यांत असतंच, मधला भाग कसा आहे ते पाहा. आणि पुढे लोखंडी गार्ड बसवायचा असेल, तर एवढी तुलना करायचे कष्ट घेऊच नका.