एस्पेरांतो की इदो: मराठी शिकणाऱ्याने कोणती धरावी?

दोन्ही मुद्दाम रचलेल्या, कृत्रिम भाषा आणि दोन्हींचं घराणं एकच. झामेनहोफने रचलेली एस्पेरांतो १८८७ ची. तिच्यात खटकणाऱ्या गोष्टी दुरुस्त करायच्या म्हणून १९०७ मध्ये पुढे आली ती इदो. बरेचसे धातू सारखे आणि काळाचे प्रत्यय तर तेच: वर्तमानाला -आस, भूतकाळाला -इस, भविष्याला -ओस. ‘कोणती सोपी’ हा वाद मात्र युरोपीय माणसाच्या सोयीने चालतो. मराठी माणूस अडतो त्या जागा वेगळ्या आहेत. (खालची उदाहरणं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, पण शिकताना रोमन लिपीच धरा.)

इदोची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. ‘मी चांगली पुस्तकं वाचतो’ हे एस्पेरांतोत ‘मी लेगास बोनाय्न लिब्रोय्न’ होतं आणि इदोत ‘मे लेक्तास बोना लिब्री’. एस्पेरांतोत अनेकवचनाचा -य आणि कर्माचा -न नामाला लागतो, वर विशेषणालाही. इदोत विशेषण बदलत नाही. -न लागतो तोही कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच: ‘लिब्रोन मे लेक्तास’.

एस्पेरांतोचा -न म्हणजे आपला -ला, असं समजून आपण निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. मराठीत ‘पुस्तक वाचतो’ म्हणताना पुस्तकाला काहीच लागत नाही, म्हणून निर्जीव वस्तूंवर -न हमखास विसरला जातो. उलट ‘मी मुलाला पुस्तक देतो’ यात -ला दिसतो म्हणून -न मुलाला चिकटवला जातो. बरोबर वाक्य आहे ‘मी दोनास लिब्रोन आल ला क्नाबो’: -न पुस्तकाला, मुलासाठी ‘आल’. तिसरी चूक ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत होते. ‘मला आंबा आवडतो’ याचं ‘मी शातास मांगोन’ होतं, म्हणजे आपला ‘मला’ तिथे कर्ता होतो आणि -न आंब्यावर जातो. ‘मला भूक लागली’ यात तर -न येतच नाही: ‘मी एस्तास मालसाता’.

यावर उपाय असा. आधी ‘मला’वालं वाक्य मनात ‘मी’वर आणा. मग क्रियापदाला ‘काय?’ विचारा. उत्तर मिळालं तर -न त्याला, आणि -लावाल्या माणसाला ‘आल’. ‘काय?’ला उत्तरच नसेल (‘मी मुलाला बघतो’), तर ‘कोणाला?’चं उत्तर -न घेतं. ‘एस्तास’ (आहे) या क्रियापदानंतर सहसा -न नाही. नवशिक्याची बहुतेक वाक्यं एवढ्यावर निभावतात. बागेत फिरणं ‘एन ला जार्देनो’ आणि बागेत शिरणं ‘एन ला जार्देनोन’ हा भेद मात्र वेगळा घोटावा लागतो, कारण आपण दोन्हीकडे ‘बागेत’च म्हणतो.

इदोच्या खात्यात आणखीही आहे. टोपीवाली (डोक्यावर चिन्ह असलेली) अक्षरं नाहीत. एस्पेरांतोत अशी सहा आहेत, पण गूगलच्या कीबोर्डला एस्पेरांतो जोडली की ती अडचण राहत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ला इदोत ‘तु’ आणि ‘वु’ असे वेगळे शब्द आहेत, एस्पेरांतोत सगळ्यांना ‘वी’. उजवा-डावा एस्पेरांतोत ‘देक्स्त्रा’ आणि ‘मालदेक्स्त्रा’, म्हणजे गोंगाटात सुरुवातीचं ‘माल’ निसटलं की चुकीच्या गल्लीत शिरलात. इदोचा ‘सिनिस्त्रा’ ऐकायला स्वच्छ. नातेवाइकांच्या बाबतीत मात्र दोघी सारख्याच गरीब: मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्यांना एकच शब्द.

उच्चारांत आपल्याला दोन्हीकडे फुकटचा फायदा आहे. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च ही दोन्हींत वेगळी व्यंजनं आहेत आणि मराठी जिभेला ती आयतीच येतात.

एवढं सगळं इदोच्या बाजूने असून मला ती जी खटकली, ती प्रश्नार्थक आणि दर्शक शब्दांपाशी. रोजच्या बोलण्यात हे शब्द पावलोपावली लागतात, म्हणून शेजारी शेजारी ठेवतो:

केव्हा–तेव्हा: एस्पेरांतो किआम–तिआम, इदो कांदे–लोरे
कुठे–तिथे: एस्पेरांतो किए–तिए, इदो उबे–इबे
कसं–तसं: एस्पेरांतो किएल–तिएल, इदो क्वाले–ताले
किती–तितका: एस्पेरांतो किओम–तिओम, इदो क्वांता–तांता
का–म्हणून: एस्पेरांतो किआल–तिआल, इदो प्रो क्वो–प्रो तो

क ने विचारायचं आणि त ने दाखवायचं, ही सवय आपल्याला लहानपणापासून आहे. एस्पेरांतोने तोच साचा पुढे नेला: ‘चिआम’ नेहमी, ‘नेनिआम’ कधीच नाही, ‘इआम’ कधीतरी. पाच सुरुवाती आणि नऊ शेवट, एकूण ४५ शब्द. इदोत काही जोड्या जुळतात, पण ‘कांदे’वरून ‘लोरे’ किंवा नेहमी या अर्थाचा ‘सेम्प्रे’ ओळखता येत नाही, ‘इबे’वरून इथे या अर्थाचा ‘हिके’ही नाही. लॅटिन वळणाच्या भाषा येणाऱ्याला हे ओळखीचं वाटत असेल, आपल्याला ती निव्वळ घोकंपट्टी. ‘किती वाजले’ला एस्पेरांतो ‘किओमा होरो एस्तास?’ विचारते, आणि हा ‘किओमा’ म्हणजे चक्क आपला ‘कितवा’.

-न चा त्रास कायमचा आहे हे मान्य, पण तो चुकला तरी ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा कळतं. ‘केव्हा’चा शब्दच आठवला नाही तर बोलणं तिथेच थांबतं. माझं पारडं एस्पेरांतोकडे झुकलं ते यामुळे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

तक्ता सगळा एकदम घोकू नका. आधी क आणि त च्या ओळी जोडीने घ्या, तीही वाक्यात: ‘किआम ली वेनोस, तिआम नी मांजोस’, तो येईल तेव्हा आपण जेवू. मराठीतला ज (जेव्हा, जिथे) वेगळा शोधू नका, ते कामही क च करतो. ‘इथे’साठी ‘तिए’च्या आधी ‘ची’ लावायचं. गोंधळ होतो तो एका स्वराच्या फरकाचा: किआल (का) आणि किएल (कसं), किआम (केव्हा) आणि किओम (किती). अशा जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकू नयेत. आणि ‘मी कधीच जात नाही’ म्हणताना फक्त ‘मी नेनिआम इरास’. आपल्या सवयीने ‘ने’ घातलंत तर दोन नकार एकमेकांना खातात.

शिकायच्या साधनांच्या बाबतीत इदो फारच मागे आहे. एस्पेरांतोला लेर्नु हे मोफत संकेतस्थळ आहे, ड्युओलिंगोवर अभ्यासक्रम आहे. ड्युओलिंगोवर इदो नाही, आणि बोलायला माणसं शोधताना हा फरक जास्तच जाणवतो. तरीही लिहिण्या-वाचण्यापुरतीच भाषा हवी असेल, फ्रेंच किंवा स्पॅनिश थोडी येत असेल आणि विभक्तीचा कंटाळा असेल, तर इदो निवडण्यात काही गैर नाही. फक्त दोन्ही एकदम सुरू करू नका: एस्पेरांतोत ‘ली’ म्हणजे तो, इदोत ‘ली’ म्हणजे ते सगळे. एस्पेरांतोत शेवटची -इ क्रियापदाचं मूळ रूप दाखवते, इदोत तीच अनेकवचन करते.