भिंतीवरचा ६ यूचा रॅक: आठ महिने वापरून

आमच्या शाळेची संगणक खोली जिन्याखाली आहे, दारही पूर्ण उघडत नाही. त्यामुळे नेटवर्कची उपकरणं बसवायला मागची चौकट बिजागरीवर फिरणारा रॅक (भिंतीवरचा सांगाडा) घेतला, आणि तोच निर्णय सर्वांत योग्य ठरला. पूर्वी एक केबल बदलायची तर स्टुलावर चढून अख्खा नेटवर्क स्विच (संगणक केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) उतरवावा लागे; आता रॅक पुढे ओढला की मागचं सगळं हाताशी. यू हे रॅकमधल्या उंचीचं माप; १ यू म्हणजे ४४.४५ मिमी. २४ पोर्टचा स्विच आणि पॅच पॅनेल (भिंतीतून आलेल्या केबल जिथे जोडतात ती पट्टी), दोन्ही मिळून २ यूत बसले. मध्ये १ यू हवेसाठी मोकळा सोडला.

सोबतचे स्क्रू मात्र आखूड. विटांच्या भिंतीत धरेनात, अँकर बोल्ट वेगळे आणले. रॅकच्या पंख्याची जाळी दर महिन्याला ब्रशने झाडतो. खडूची धूळ फार बसते हो! केबलच्या दोन्ही टोकांना नंबर पहिल्याच दिवशी चिकटवा.