विंडसर्फिंग: १८० लिटरचा बोर्ड की १२०चा, ५ चौरस मीटरचं शीड की ६.५चं?

माणूस ७० किलोचा, आठ-दहा तास शिकून झालेला. जागा गोव्याची, फेब्रुवारी ते मे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा साधारण १० ते १४ नॉट (ताशी १९ ते २६ किमी). आकडे याच हिशेबाने.

आधी लिटर, म्हणजे बोर्डाचं आकारमान, पाहू. समुद्राचं एक लिटर पाणी किलोभर वजन उचलतं. तुम्ही ७०, बोर्ड १०, शीड-डोलकाठी-बूम (हातात धरायचा आडवा दांडा) मिळून आणखी १० म्हणजे ९० किलो झाले. १२०च्या बोर्डात शिल्लक उरतात जेमतेम ३० लिटर. बोर्ड बुडत नाही, पण उभं राहून दोरीने शीड वर ओढताना पाय जरा इकडेतिकडे झाला की आडवा होतो. १८०मध्ये शिल्लक जवळपास तिप्पट. शिवाय तो रुंद असतो (८५ सेंमीच्या आसपास, १२०चा ७५च्या आसपास), आणि तोल लिटरपेक्षा रुंदीवरच जास्त सांभाळला जातो. मोठ्या बोर्डाला बहुधा मध्ये डॅगरबोर्डही (पाण्यात खाली सोडायची, वर घेता येणारी पाती) असतो. वारा पडला तरी तो वाहून जाऊ देत नाही. वेग आला की मात्र वर घ्यावा, नाहीतर बोर्ड कुशीवर कलतो.

शिडाचं गणित उलट बाजूने सुरू होतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १०चे १४ नॉट झाले की ओढ जवळपास दुप्पट. ५ चौरस मीटरचं शीड पाण्यातून उचलायला हलकं, शिकायला उत्तम. पण ७० किलोला घेऊन १२ नॉटमध्ये ते पाण्यावर घसरत पळणार नाही. त्यासाठी ६.५ तरी हवं, आणि तेही १४ नॉटला.

म्हणून १२०चा बोर्ड आणि ५चं शीड ही जोडी या वाऱ्यात सगळ्यात वाईट: ना धड तरंगणं, ना धड पळणं. दुकानात छान दिसते, एवढंच. पहिला मोसम १८० आणि ५. हार्नेस (बूमला अडकवून शिडाची ओढ अंगावर घेणारा पट्टा) वापरता येऊ लागला की त्याच बोर्डावर ६.५. १२०चा बोर्ड त्यानंतर, साधारण ४२ सेंमीच्या फिनसह (बोर्डाच्या मागच्या टोकाखालची पाती).

डोलकाठीची लांबी शिडावरच छापलेली असते: ६.५ला बहुतेकदा ४३० सेंमी. खालची दोरी पुरेशी ताणली नाही तर शिडाचा वरचा भाग झोताला मोकळा होत नाही, हात भरून येतात, आणि दोष शिडाच्या मापाला जातो.

वजन ५५ असेल तर शीड एक मापाने लहान. ९० असेल तर बोर्ड २०० लिटरच्या वर.