फॅमिली डॉक्टर घडवायचे कुठे, मोठ्या हॉस्पिटलात की गावातच?

शहरातल्या टीचिंग हॉस्पिटलात दुर्मिळ केसेस बघायला मिळतात, स्पेशालिस्ट हाताशी असतात, ते भारीच, पण तिथवर पोचलेलाच पेशंट दिसतो ना, बीपीची गोळी मधेच सोडून घरी बसलेला कुठे दिसणार? ब्रिटिश फॅमिली डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्टनी १९७१ मध्येच सांगितलेलं, गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी.

दुसरा पर्याय म्हणजे शिकवणंच गावात न्यायचं. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीने १९९७ पासून मेडिकलचे स्टुडंट्स जवळपास वर्षभर ग्रामीण जीपींकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे ठेवले, म्हणजे तोच पेशंट, तीच शुगर, महिनोन्महिने बघायची. असे डॉक्टर पुढे गावाकडे टिकायची शक्यताही जास्त, आणि रिसर्चचे प्रश्नही तिथलेच निघतात. फक्त शिकवणाऱ्या सीनियरला वेगळा वेळ-पैसा नाही दिला तर सगळं कागदावरच. माझं मत तरी दुसऱ्यालाच, अवघड सर्जरी बघायला शहर ठीक.